रेड संचाचे स्थलांतर

रेड संचाचे स्थलांतर म्हणजे रेड पद्धतीने एकत्र जोडलेल्या हार्ड डिस्कचा संच त्यावरील माहितीसह एका संगणकातून काढून दुसऱ्या संगणकात बसविणे आणि तेथे पूर्ववत चालू करणे. जुन्या संगणकाचा मदरबोर्ड किंवा वीजपुरवठा निकामी होणे, संगणक कालबाह्य होणे, कार्यालय दुसऱ्या इमारतीत किंवा गावी जाणे, ही स्थलांतराची नेहमीची कारणे होत. स्वतंत्र डिस्कवरील फाइल त्या एकाच डिस्कवर पूर्ण असते. रेड संचात मात्र बहुधा एकाच फाइलचे तुकडे अनेक डिस्कवर विखुरलेले असतात आणि त्यांची मांडणी ठाऊक असल्याशिवाय फाइल पुन्हा जुळत नाही. त्यामुळे नव्या संगणकाला ही मांडणी अचूक वाचता येणे हा स्थलांतराचा गाभा होय. अस्तित्वात असलेला संच जोडणे आणि नवा संच तयार करणे या दोन भिन्न क्रिया असून त्यांची गल्लत झाल्यास डिस्क सुस्थितीत असूनही माहिती कायमची नष्ट होऊ शकते.

## पार्श्वभूमी

अनेक डिस्क एकत्र वापरून एकीचा बिघाड दुसऱ्यांनी भरून काढण्याची कल्पना १९७० च्या दशकापासून आढळते. आयबीएम कंपनीतील नॉर्मन केन औची यांना या स्वरूपाच्या पद्धतीसाठी १९७८ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. 'रेड' ही संज्ञा मात्र कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेतील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ यांच्या १९८८ मधील निबंधामुळे रूढ झाली. मोठ्या संगणकांच्या महागड्या डिस्कऐवजी वैयक्तिक संगणकांसाठीच्या स्वस्त डिस्कचा समूह वापरावा आणि त्यातील बिघाडाची शक्यता जादा डिस्क ठेवून सांभाळावी, असे प्रतिपादन त्यांनी केले. संज्ञेतील एका अक्षराचा मूळ अर्थ 'स्वस्त' असा होता. पुढे उद्योगक्षेत्रात त्याचा अर्थ 'स्वतंत्र' असा लावला जाऊ लागला.

रेडच्या प्रकारांना पातळ्या म्हणतात. स्थलांतराच्या दृष्टीने पुढील पातळ्या महत्त्वाच्या आहेत. उदाहरणादाखल प्रत्येकी ४ टेराबाइटच्या डिस्क गृहीत धरल्या आहेत.

- रेड ० : माहितीचे तुकडे सर्व डिस्कवर आळीपाळीने लिहिले जातात. चार डिस्कमध्ये १६ टेराबाइट जागा मिळते, परंतु एक डिस्क जरी गेली तरी संपूर्ण संच जातो.
- रेड १ : दोन डिस्कवर एकसारखी माहिती असते. दोन डिस्कमध्ये ४ टेराबाइट जागा मिळते आणि एक डिस्क गेली तरी माहिती राहते.
- रेड ५ : माहितीबरोबर पॅरिटी नावाची पडताळा-संख्या सर्व डिस्कवर वाटून लिहिली जाते. चार डिस्कमध्ये १२ टेराबाइट जागा मिळते आणि एका डिस्कचा बिघाड सोसला जातो.
- रेड ६ : दोन प्रकारच्या पॅरिटी ठेवल्या जातात. चार डिस्कमध्ये ८ टेराबाइट जागा मिळते आणि कोणत्याही दोन डिस्कचा बिघाड सोसला जातो.
- रेड १० : रेड १ च्या जोड्यांवर रेड ० ची रचना असते. चार डिस्कमध्ये ८ टेराबाइट जागा मिळते. प्रत्येक जोडीतील एक डिस्क चालू असेपर्यंत संच टिकतो.

पॅरिटीचे तत्त्व साध्या उदाहरणाने समजते. पहिल्या डिस्कवर १०११ आणि दुसरीवर ०११० हे द्विमान अंक असल्यास, त्या त्या स्थानी अंक सारखे असतील तेथे ० आणि भिन्न असतील तेथे १ लिहून ११०१ ही पॅरिटी मिळते. दुसरी डिस्क निकामी झाली, तर १०११ व ११०१ यांवर हीच क्रिया केली असता ०११० हे हरवलेले अंक परत मिळतात. मात्र कोणत्या डिस्कवरील कोणता तुकडा माहितीचा आणि कोणता पॅरिटीचा हे ठाऊक असेल, तरच हा हिशेब उपयोगी पडतो.

## संचाची ओळख

संचाची पातळी, डिस्कची संख्या, त्यांचा क्रम, एका वेळी लिहिल्या जाणाऱ्या तुकड्याचा आकार आणि माहिती डिस्कवर कोठून सुरू होते, ही सर्व नोंद मेटाडेटा या नावाने ओळखली जाते. शाळा दुसऱ्या इमारतीत हलविली तरी जनरल रजिस्टर सोबत असल्यास कोणता विद्यार्थी कोणत्या वर्गातील हे निश्चित सांगता येते. मेटाडेटाचे कार्य काहीसे तसेच आहे. बहुतेक आधुनिक पद्धतींत ही नोंद संचातील प्रत्येक डिस्कवर लिहिलेली असते. त्यामुळे संगणक बदलला तरी संचाची ओळख डिस्कबरोबर प्रवास करते.

लिनक्स प्रणालीतील 'एमडी' या सॉफ्टवेअर रेडमध्ये या नोंदीला सुपरब्लॉक म्हणतात. तिच्या आवृत्तीनुसार तिचे स्थान बदलते. ०.९० आणि १.० या आवृत्त्यांत ती डिस्कच्या शेवटाकडे, १.१ मध्ये अगदी आरंभी आणि सध्या प्रचलित असलेल्या १.२ मध्ये आरंभापासून ४ किलोबाइट अंतरावर असते. ०.९० या जुन्या आवृत्तीत अंक लिहिण्याचा क्रम त्या त्या संगणकाच्या प्रोसेसरप्रमाणे ठरत असे. म्हणून भिन्न जातीच्या प्रोसेसरवर संच नेताना अडचण येई. १.० पासून पुढे हा क्रम निश्चित करण्यात आला.

सुपरब्लॉकमधील दोन बाबी स्थलांतरात विशेष उपयोगी पडतात. पहिली म्हणजे संचाचा विशिष्ट ओळख क्रमांक. तो संचातील सर्व डिस्कवर सारखा असतो, त्यामुळे डिस्क कोणत्या केबलला जोडली आहे याला महत्त्व उरत नाही. दुसरी म्हणजे घटना क्रमांक. संचाच्या स्थितीत बदल होत जातो तसा तो वाढतो. एखाद्या डिस्कवरील घटना क्रमांक इतरांपेक्षा मागे असेल, तर ती डिस्क मध्येच संचाबाहेर पडली होती आणि तिच्यावरील माहिती शिळी आहे, असे समजते.

हार्डवेअर रेड कार्डांच्या क्षेत्रात प्रत्येक उत्पादकाची नोंद ठेवण्याची रीत वेगळी आहे. यात एकसूत्रता यावी म्हणून स्टोरेज नेटवर्किंग इंडस्ट्री असोसिएशन या संघटनेने 'डीडीएफ' नावाचे प्रमाणरूप तयार केले. त्यात मेटाडेटाचा मूळ दुवा डिस्कच्या अखेरच्या ब्लॉकमध्ये असतो. सर्व उत्पादकांनी हे प्रमाणरूप स्वीकारलेले नाही.

## स्थलांतराचे प्रकार

### लिनक्समधील सॉफ्टवेअर रेड

हा प्रकार स्थलांतराला तुलनेने सर्वांत सोपा आहे. नव्या संगणकावर लिनक्स आणि 'एमडीएडीएम' हे साधन असले म्हणजे पुरते. कंपनी, मदरबोर्ड किंवा केबलचा क्रम भिन्न असला तरी चालते. एमडीएडीएमची 'एक्झामिन' ही आज्ञा प्रत्येक डिस्कवरील नोंद केवळ वाचून दाखविते, तर 'असेंबल' ही आज्ञा त्या नोंदीनुसार संच जोडते. संच परक्या संगणकावर तयार झालेला असल्याचे लक्षात आल्यास प्रणाली त्याला पूर्वीच्या नावाऐवजी 'एमडी १२७' यासारखे नाव देते. हा बिघाड नसून केवळ नावातील बदल आहे.

संचावर एलव्हीएम ही विभागणी असल्यास तीही स्वतंत्रपणे कार्यान्वित करावी लागते. जुन्या व नव्या संगणकांतील विभागसमूहांची नावे एकच असल्यास संघर्ष उद्भवतो, म्हणून त्यांपैकी एकाचे नाव आधी बदलतात.

### हार्डवेअर रेड

येथे संचाचा कारभार स्वतंत्र कार्ड पाहते. कार्ड डिस्कसोबत नव्या संगणकात नेणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय. कार्डच निकामी झाले असल्यास त्याच नमुन्याचे किंवा त्याच उत्पादकाच्या सुसंगत मालिकेतील कार्ड लागते. मेगारेड आणि डेल कंपनीच्या पर्क या कार्डांवर दुसरीकडून आलेला संच जोडल्यास 'फॉरिन कॉन्फिगरेशन' अशी सूचना दिसते. तिच्यासोबत 'इम्पोर्ट' आणि 'क्लिअर' असे दोन पर्याय येतात. पहिला पर्याय संच स्वीकारतो, तर दुसरा संचाची नोंद पुसून टाकतो.

अनेक कार्डांवर बॅटरीच्या आधारावर टिकणारी तात्पुरती स्मृती असते. संगणक अचानक बंद पडल्यास डिस्कवर लिहावयाची काही माहिती या स्मृतीतच अडकून राहते. अशा वेळी केवळ डिस्क हलविल्यास तो भाग जुन्या कार्डात राहून जातो आणि संच अपुरा ठरतो. म्हणून संगणक रीतसर बंद केल्यानंतरच डिस्क काढाव्या लागतात.

### मदरबोर्डवरील रेड

घरगुती व कार्यालयीन संगणकांच्या मदरबोर्डवर जी रेडची सोय असते, तिचे बहुतेक काम प्रत्यक्षात ड्रायव्हर सॉफ्टवेअर करते. इंटेलच्या सोयीने बनविलेला संच इंटेलच्याच सुसंगत मदरबोर्डवर बायोसमध्ये रेडची निवड केल्यावर सामान्यतः ओळखला जातो. दुसऱ्या कंपनीच्या मदरबोर्डला ती नोंद समजेलच असे नाही. इंटेलचे आणि डीडीएफचे रूप एमडीएडीएमला वाचता येते, त्यामुळे मूळ मदरबोर्ड उपलब्ध नसताना लिनक्सच्या साहाय्याने माहिती बाहेर काढण्याचा मार्ग मोकळा राहतो.

### झेडएफएस

सन मायक्रोसिस्टिम्स कंपनीने विकसित केलेल्या झेडएफएसमध्ये फाइल प्रणाली व डिस्क-संच यांचा कारभार एकत्रच चालतो. जुन्या संगणकावर 'एक्स्पोर्ट' आणि नव्यावर 'इम्पोर्ट' अशी स्थलांतराची स्वतंत्र सोय त्यात मुळातच आहे. एक्स्पोर्ट न करता डिस्क काढल्यास संच अजून दुसऱ्या संगणकाच्या वापरात आहे, असे समजून नवा संगणक त्यास नकार देतो. जुना संगणक खरोखरच बंद आहे याची खात्री करून मग सक्तीची आज्ञा द्यावी लागते. नव्या आवृत्तीतील सुविधा वापरणारा संच जुन्या आवृत्तीच्या प्रणालीवर उघडत नाही.

### विंडोज

विंडोजमधील डायनॅमिक डिस्कचा संच नव्या संगणकात 'फॉरिन' म्हणून दिसतो आणि डिस्क मॅनेजमेंटमधून तो आयात करता येतो. विंडोज ८ पासून आलेल्या स्टोरेज स्पेसेसचा संच दुसऱ्या विंडोज संगणकावर ओळखला जातो; परंतु नव्या आवृत्तीवर त्याचे अद्ययावतीकरण केले असल्यास तो जुन्या आवृत्तीवर वापरता येत नाही.

### नॅस उपकरणे

नेटवर्कला जोडलेल्या साठवण-पेट्या, म्हणजे नॅस, यांपैकी अनेकांच्या अंतरंगात लिनक्सच असते. सिनॉलॉजी कंपनीची उपकरणे एमडी व एलव्हीएम यांचाच वापर करतात. त्यामुळे पेटी निकामी झाली तरी तिच्यातील डिस्क लिनक्स असलेल्या साध्या संगणकाला जोडून माहिती वाचता येण्याची शक्यता असते.

## पूर्वतयारी

स्थलांतरापूर्वीची सर्वांत महत्त्वाची पायरी म्हणजे माहितीची संचाबाहेरील स्वतंत्र प्रत घेणे आणि त्या प्रतीतील काही फाइल उघडून पाहणे. प्रत घेतलेली नसताना केलेले स्थलांतर ही जोखीम असते, मग पद्धत कोणतीही असो. त्याखेरीज पुढील तयारी केली जाते.

1. नोंद उतरवून घेणे : संचाची पातळी, तुकड्याचा आकार, मांडणी, सुपरब्लॉकची आवृत्ती आणि डिस्कचा क्रम ही माहिती एक्झामिन आज्ञेने मिळवून कागदावर छापली जाते. ती त्याच संचावर साठविल्यास गरजेच्या वेळी हाती येत नाही.
2. डिस्कना चिठ्ठ्या लावणे : प्रत्येक डिस्कवर तिचे स्थान आणि अनुक्रमांकातील शेवटचे काही अंक लिहिले जातात. लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडला क्रमाची गरज नसली, तरी नोंद खराब झाल्यास क्रमच आधार ठरतो. चार डिस्क २४ प्रकारे आणि सहा डिस्क ७२० प्रकारे मांडता येतात, यावरून चिठ्ठीचे मोल कळते.
3. आरोग्य तपासणे : डिस्कमधील स्मार्ट या स्वयंतपासणी यंत्रणेतून बदललेल्या आणि वाचण्यास प्रलंबित असलेल्या क्षेत्रांची संख्या पाहिली जाते. संच आधीच एका डिस्कने अपुरा असेल, तर स्थलांतरापूर्वी तो पूर्ण करणे इष्ट असते.
4. संकेतशब्द जवळ ठेवणे : माहिती कूटबद्ध असेल तर तिची किल्ली लागते. विंडोजच्या बिटलॉकरची किल्ली मदरबोर्डवरील सुरक्षा-चिपशी बांधलेली असल्यास नव्या संगणकात ४८ अंकी पुनर्प्राप्ती किल्ली मागितली जाते.
5. जोडण्या पाहणे : नव्या संगणकात पुरेसे साटा पोर्ट व पुरेशा क्षमतेचा वीजपुरवठा असावा लागतो. सॅस प्रकारची डिस्क साटा पोर्टला जोडता येत नाही. साटा डिस्क मात्र सॅस कंट्रोलरला जोडता येते.

## कार्यपद्धती

लिनक्सवरील सॉफ्टवेअर रेडच्या बाबतीत सर्वसाधारण क्रम पुढीलप्रमाणे असतो. प्रथम संचावरील फाइल प्रणाली वेगळी करून संच थांबविला जातो आणि संगणक रीतसर बंद केला जातो. वीजजोड काढून डिस्क बाहेर घेतल्या जातात. नव्या संगणकात आधी त्याच्या स्वतःच्या डिस्कवरून ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होत असल्याची खात्री केली जाते; त्यानंतर तो बंद करून संचाच्या सर्व डिस्क एकाच वेळी जोडल्या जातात. थोड्याच डिस्क जोडून संगणक सुरू केल्यास संच अपुऱ्या अवस्थेत चालू होऊन उरलेल्या डिस्क शिळ्या ठरण्याचा धोका असतो.

संगणक सुरू झाल्यावर एक्झामिन आज्ञेने सर्व डिस्कवरील ओळख क्रमांक व घटना क्रमांक जुळतात का हे पाहिले जाते. ते जुळत असल्यास संच प्रथम केवळ वाचनासाठी जोडला जातो. फाइल प्रणाली केवळ वाचनासाठी उघडली तरी तिच्या कामकाज-नोंदीमुळे काही लेखन होऊ शकते. म्हणून वाचनाचे बंधन मूळ संचावरच घालणे अधिक सुरक्षित असते. निरनिराळ्या फोल्डरमधील, विशेषतः मोठ्या आकाराच्या फाइल उघडून पाहिल्या जातात. तुकड्यांचा क्रम चुकला असेल तर छोट्या फाइल ठीक दिसूनही मोठ्या फाइल बिघडलेल्या आढळतात.

पडताळा समाधानकारक वाटल्यावरच संचावर लेखनाची परवानगी दिली जाते. शेवटी संचाची नोंद नव्या संगणकाच्या मांडणी-फाइलमध्ये केली जाते. ऑपरेटिंग सिस्टिमच संचावर असेल तर आरंभीच्या लहान प्रणालीची प्रतिमाही पुन्हा तयार करावी लागते, अन्यथा संगणक सुरू होताना संच सापडत नाही.

## नेहमीच्या चुका

नवा संच तयार करणे. जोडण्याची आज्ञा अयशस्वी झाल्यावर 'क्रिएट' ही आज्ञा देऊन पाहणे ही सर्वांत घातक चूक समजली जाते. या आज्ञेने जुनी नोंद पुसून नवी लिहिली जाते. एमडीएडीएमच्या जुन्या आवृत्त्यांत तुकड्याचा गृहीत आकार ६४ किलोबाइट होता, तो पुढे ५१२ किलोबाइट झाला. माहिती कोठून सुरू होते ते अंतरही आवृत्तीनुसार बदलत गेले. त्यामुळे त्याच डिस्क त्याच क्रमाने दिल्या तरी नवा संच जुन्यासारखा होतोच असे नाही. शिवाय नव्या संचाची पॅरिटी जुळविण्याचे काम लगेच सुरू होऊन मूळ माहितीवर लेखन होऊ लागते.

डिस्क इनिशिअलाइझ करणे. लिनक्सच्या संचातील डिस्क विंडोज संगणकाला जोडल्यास ती अनोळखी असल्याचे सांगून इनिशिअलाइझ करण्याविषयी विचारणा होते. होकार दिल्यास डिस्कच्या आरंभी नवा विभाजन तक्ता लिहिला जातो. डिस्कवर विभाग न पाडता संपूर्ण डिस्कच संचाला दिलेली असेल, तर आरंभापासून ४ किलोबाइटवर असलेला सुपरब्लॉक या लेखनाखाली सापडतो. काही मदरबोर्डही विभाजन तक्ता 'दुरुस्त' करण्याच्या प्रयत्नात असे लेखन करतात. डिस्कवर आधी विभाग पाडून तो संचाला देण्याची शिफारस याच कारणाने केली जाते.

आरशातील एकच डिस्क वापरणे. रेड १ मधील दोन डिस्क दोन वेगळ्या संगणकांवर स्वतंत्रपणे चालविल्या, तर दोन्हींवर भिन्न माहिती साठत जाते. पुढे त्या एकत्र जोडताना एका बाजूचे काम गमवावे लागते.

यूएसबी पेटीतून जोडणे. काही यूएसबी पेट्या डिस्कच्या क्षेत्राचा आकार ५१२ ऐवजी ४०९६ बाइट असल्याचे सांगतात. त्यामुळे विभाजन तक्ता चुकीचा वाचला जातो आणि सुस्थितीतील डिस्क रिकामी भासते. अशा डिस्क थेट साटा पोर्टला जोडून पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढता येत नाही.

डिस्कचा शेवट लपणे. काही जुने मदरबोर्ड बायोसची प्रत ठेवण्यासाठी डिस्कचा अखेरचा भाग राखून ठेवत. सुपरब्लॉक शेवटी असलेल्या संचाची डिस्क अशा मदरबोर्डला जोडल्यावर नोंदच दिसेनाशी होई.

## संच न जुळल्यास

संच जुळला नाही तर पहिली कृती म्हणजे डिस्कवरील सर्व लेखन थांबविणे. त्यानंतर प्रत्येक डिस्कची हुबेहूब प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली जाते. खराब क्षेत्रे असलेल्या डिस्कसाठी 'जीएनयू डीडीरेस्क्यू' हे साधन वापरतात. ते वाचता येणारा भाग आधी घेऊन अवघड भागाकडे नंतर वळते. पुढील प्रयोग या प्रतींवर केले जातात. प्रती घेण्याइतकी जागा नसल्यास डिस्कवर आच्छादन-फाइल ठेवून सर्व लेखन त्या फाइलकडे वळविण्याचे तंत्रही लिनक्समध्ये उपलब्ध आहे.

घटना क्रमांकांत फरक असल्यास तो बारकाईने पाहावा लागतो. उदाहरणार्थ, रेड ५ च्या चार डिस्कवर ५१२०, ५१२०, ५११८ आणि ४३१० असे क्रमांक असतील, तर चौथी डिस्क बरीच आधी संचाबाहेर गेली होती आणि तिसरी अगदी शेवटी, असा अर्थ होतो. अशा वेळी चौथी वगळून पहिल्या तीन डिस्कवर सक्तीने संच जोडण्याचा प्रयत्न केला जातो. चौथी डिस्क घेऊन संच जोडल्यास जुनी व नवी माहिती मिसळून फाइल बिघडतात. मूळ मांडणीची पूर्ण नोंद हाती असताना, पॅरिटी न जुळविण्याच्या अटीवर 'क्रिएट' आज्ञा वापरणे हा अखेरचा उपाय समजला जातो. तोही प्रतींवरच करतात.

निकामी डिस्कच्या जागी नवी घालून संच भरून काढण्याच्या क्रियेला पुनर्बांधणी म्हणतात. सेकंदाला १५० मेगाबाइट या सरासरी वेगाने ४ टेराबाइटची डिस्क भरण्यास सुमारे साडेसात तास लागतात. या काळात उरलेल्या सर्व डिस्क आरंभापासून अंतापर्यंत वाचल्या जातात. घरगुती वापराच्या अनेक डिस्कसाठी उत्पादक १०१४ (दहाचा चौदावा घात) बिट वाचनांमागे जास्तीत जास्त एक न वाचता येणारी चूक असे प्रमाण देतात. ते सुमारे १२.५ टेराबाइट होते. मोठ्या डिस्कच्या संचात रेड ५ ऐवजी रेड ६ ची निवड करण्यामागे हे एक कारण आहे.

## नांदेड व लातूर परिसरातील परिस्थिती

मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर ही शिक्षणाची मोठी केंद्रे आहेत. नांदेड येथे १९८१ मध्ये श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९९४ मध्ये स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे जिल्हे या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. 'लातूर पॅटर्न'मुळे लातूर शहर शिकवणी वर्गांसाठी राज्यभर ओळखले जाते. तासांची चित्रमुद्रणे, छायाचित्र स्टुडिओंमधील लग्नसमारंभांचे चित्रण, रुग्णालयांतील तपासण्यांच्या प्रतिमा, शाळांचे अभिलेख अशी पुन्हा निर्माण न होणारी माहिती लहान संस्थांकडेही साठत असते. अशा ठिकाणी संगणकासाठी स्वतंत्र तंत्रज्ञ असतोच असे नाही. म्हणून स्थानिक परिस्थितीतील काही बाबी ध्यानात घेणे आवश्यक ठरते.

तापमान. एप्रिल-मे महिन्यांत नांदेडचे कमाल तापमान अनेकदा ४२ अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. बहुतेक हार्ड डिस्कच्या चालू स्थितीतील तापमानाची मर्यादा उत्पादक ६० ते ६५ अंश अशी देतात. बंद कपाटात ठेवलेल्या संगणकात चार-सहा डिस्क लगटून बसविल्यास ही मर्यादा दूर राहत नाही. पुनर्बांधणीसारखे दीर्घकाळ चालणारे काम रात्री किंवा थंड खोलीत करणे हितकारक असते.

वीज. भारनियमन, दाबातील चढउतार आणि वळवाच्या पावसातील विजा यांमुळे संगणक मध्येच बंद पडण्याची शक्यता असते. पॅरिटी लिहिली जात असतानाच वीज गेल्यास माहिती आणि पॅरिटी यांत विसंगती राहते. यूपीएसची बॅटरी तपासल्याशिवाय स्थलांतर किंवा पुनर्बांधणी सुरू न करणे श्रेयस्कर.

वाहतूक. नांदेड ते लातूर हे लोहा व अहमदपूरमार्गे रस्त्याने सुमारे १४० किलोमीटर अंतर आहे. बंद डिस्क चालू डिस्कपेक्षा कितीतरी अधिक धक्का सोसते. तरीही संगणकात बसविलेल्या स्थितीत डिस्क नेल्यास स्क्रू व केबलवर ताण येतो. प्रत्येक डिस्क स्थितिज विद्युत-रोधक पिशवीत घालून फोमच्या खाचेत ठेवावी आणि खोके वाहनाच्या डिकीऐवजी आसनावर ठेवावे, अशी रीत आहे. माहितीची प्रत आणि मूळ डिस्क एकाच वाहनातून एकाच वेळी नेल्यास प्रत घेण्याचा हेतूच विफल होतो.

सुटे भाग. जुन्या रेड कार्डाचा तोच नमुना स्थानिक बाजारात मिळेलच याची शाश्वती नसते. पुणे, मुंबई किंवा हैदराबादसारख्या मोठ्या शहरांतून तो मागवावा लागू शकतो. हार्डवेअर रेड वापरणाऱ्या संस्थेने एक जादा कार्ड बाळगणे किंवा कार्डावर अवलंबून नसलेली सॉफ्टवेअर रेड पद्धत स्वीकारणे, हे त्यावरील पर्याय होत.

## रेड आणि बॅकअप

रेड संच डिस्कच्या बिघाडापासून संरक्षण देतो. चुकून पुसलेली फाइल, खंडणीखोर व्हायरस, चोरी, आग किंवा पूर यांपासून तो संरक्षण देत नाही. कारण एका डिस्कवर झालेला बदल संच तत्परतेने सर्वत्र लागू करतो. त्यामुळे रेडला बॅकअपचा पर्याय मानले जात नाही. माहितीच्या किमान तीन प्रती, दोन निरनिराळ्या माध्यमांवर आणि त्यांपैकी एक दुसऱ्या ठिकाणी, असा '३-२-१' नियम सर्वसाधारणपणे सांगितला जातो.

दुसऱ्या ठिकाणाचे महत्त्व या भागाला अनुभवाने ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे दहा हजार लोक मृत्युमुखी पडले आणि गावेच्या गावे उद्ध्वस्त झाली. नांदेड शहर गोदावरीच्या काठी वसलेले असल्याने तेथील सखल भागात पुराचे पाणी शिरते. अशा आपत्तीत एकाच इमारतीत असलेली मूळ माहिती आणि तिची प्रत एकदमच जाऊ शकतात. त्यामुळे नांदेडमधील संस्थेची एक प्रत लातूरला आणि लातूरमधील संस्थेची एक प्रत नांदेडला ठेवण्यासारखी साधी व्यवस्थाही उपयुक्त ठरते.

जुन्या संगणकाची विल्हेवाट लावण्यापूर्वी किंवा मूळ डिस्क अन्य कामी वापरण्यापूर्वी नव्या संगणकावरील संच काही आठवडे चालवून पाहणे आणि ताजा बॅकअप यशस्वीरीत्या परत वाचून घेणे आवश्यक असते. या पडताळ्यानंतरच स्थलांतर पूर्ण झाले, असे मानले जाते.